कमी किमतीची बोल्ट रायफल: रूगर अमेरिकन घेताना काय बघायचं, काय दुरुस्त करायचं

अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल घ्यायची म्हटलं की दुकानदार तीन-चार नावं पुढे करतो. सॅव्हेजची अ‍ॅक्सिस, मॉसबर्गची पेट्रियट आणि बहुतेक वेळा रूगर अमेरिकन. रूगरने ही रायफल २०१२ च्या हंगामासाठी ४४९ डॉलर छापील किमतीला आणली, आणि तेव्हापासून या गटातल्या बाकीच्या रायफली तिच्याशीच ताडून बघितल्या जातात. म्हणून इथे तीच उदाहरणाला घेतली आहे. बरीचशी तपासणी मात्र या किमतीच्या कोणत्याही बोल्ट रायफलीला (दर गोळीनंतर मूठ हाताने मागे-पुढे करावी लागते अशा रायफलीला) लागू पडते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हे सगळं तिकडे राहणाऱ्यांसाठी. आणि त्यांनी दुकानात शिरण्याआधी व्हिसा बघावा. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर व्हिसाची अडचण नाही. एच-१बी, एच-४, एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला संघीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. जे अपवाद आहेत त्यातला सामान्य माणसाच्या उपयोगाचा एकच, तो म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना. दुकानात फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा संघीय अर्ज) भरताना आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) वरचा क्रमांक आणि तो परवाना दाखवावा लागतो. परवान्याची मुदत संपली की घरच्या कपाटातली रायफलही बेकायदा ठरते. नूतनीकरणाची तारीख विसरणं इथे फार महागात पडतं. राज्यांचे नियम आणखी वेगळे. न्यू जर्सीत लांब बंदुकीसाठीसुद्धा खरेदीचं ओळखपत्र लागतं, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड (तिथलं बंदूक बाळगण्याचं ओळखपत्र).

न्यू जर्सीच्या मंडळींसाठी आणखी एक गोम आहे. तिथे हरणावर अशी रायफल चालतच नाही. शॉटगन, धनुष्य किंवा तोंडाने भरायची बंदूक वापरावी लागते. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात मात्र बोल्ट रायफल चालते आणि हरणासाठी अर्धस्वयंचलित चालत नाही. ओहायो आणि आयोवात हरणासाठी रायफल वापरायची तर सरळ भिंतीचं (गळ्याशी निमुळतं न होणारं) काडतूस लागतं, म्हणजे .३५० लेजंड किंवा .४५० बुशमास्टर. त्यामुळे आधी कुठे शिकार करणार ते ठरवा, मग काडतूस, मग रायफल.

पैसे कुठे वाचवले आहेत

स्वस्त रायफलीत काटकसर हाताला लागणाऱ्या भागांत असते, गोळी ज्यातून जाते त्या भागात फारशी नसते. रूगरची नळी कोल्ड हॅमर पद्धतीने (थंड पोलाद ठोकून) घडवलेली आहे. शरीर (बोल्ट ज्यात सरकतो तो भाग) आणि नळी दस्त्यात (खांद्याला टेकवायच्या, हातात धरायच्या भागात) पोलादी व्ही-आकाराच्या दोन ठोकळ्यांवर बसतात, त्यामुळे नळी पुढे मोकळी तरंगते. चापाचा (ट्रिगरचा) जोर साधारण ३ ते ५ पौंडांत कमी-जास्त करता येतो. याच्या उलट दस्ता साच्यातल्या प्लास्टिकचा, मॅगझिन (काडतुसांची पेटी) प्लास्टिकचं, चापाभोवतीची कडीही तशीच, आणि पोलादाला चकाकी देण्याऐवजी मॅट काळा रंग. १०० यार्डांवर कारखान्याच्या काडतुसांनी तीन गोळ्या एक ते दीड इंचात बसवणं हे या रायफलीला जड जात नाही. हरणाच्या छातीतला मर्माचा भाग साधारण ८ इंचांचा असतो. म्हणजे २०० यार्डांपर्यंत नेम चुकला तर तो बहुधा माणसाचा चुकतो.

अ‍ॅक्सिसचीही नळी चांगली असते, पण तिच्या मूळ आवृत्तीचा चाप जड आणि न बदलता येणारा आहे. घ्यायचीच तर अ‍ॅक्यूट्रिगर (सॅव्हेजचा जोर बदलता येणारा चाप) असलेली दुसरी आवृत्ती घ्या.

दुकानात दहा मिनिटं

रायफल हातात आली की तोंड सुरक्षित दिशेला, बोल्ट मागे, आणि चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्याने व बोटाने रिकामं असल्याची खात्री. मग डावीकडचा खटका दाबून बोल्ट बाहेर काढून मागून नळीतून उजेडाकडे बघा. नळीच्या तोंडाच्या कडेवर ओरखडा किंवा ठोका नसावा. गोळी शेवटची सुटते ती याच कडेवरून, आणि तिथला छोटा खड्डाही नेम बिघडवतो. एक नोट दुमडून नळी आणि दस्त्यामध्ये सरकवत मागे न्या. ती जवळजवळ शरीरापर्यंत जायला हवी. एका बाजूला अडकली तर दस्ता वाकडा आहे, दुसरा नग मागा.

आता दस्त्याचा पुढचा भाग आणि नळी चिमटीत धरून दाबा. प्लास्टिक वाकून नळीला टेकेल. हा या रायफलीचा खरा दोष. घट्ट टेकूवर किंवा बायपॉडवर (दोन पायांच्या आधारावर) वजन टाकून नेम धरला की दस्ता नळीला लागतो आणि गोळीची जागा सरकते. हातात धरून झाडलं की ती जागेवर असते. मग माणूस स्कोपला (नेमाच्या दुर्बिणीला) दोष देत बसतो.

बोल्ट नवा असताना खरखरतो. त्याला तीन लग (बंद झाल्यावर बोल्ट अडकवून धरणारे उंचवटे) आहेत, त्यामुळे ७० अंशांतच तो उघडतो आणि मूठ स्कोपला घासत नाही. किंमत अशी की तेवढ्याच कामाला कमी वळण मिळतं, म्हणून मूठ उचलायला जोर लागतो. दुकानातल्या नगाचा बोल्ट कडक वाटला म्हणून रायफल नाकारू नका. बोल्ट मधेच अडकतो का एवढंच बघा. सेफ्टी (चाप अडवणारा खटका) शरीरामागे अंगठ्याखाली आहे, हाताळायला उत्तम. मूळ आवृत्तीत ती लावलेली असतानाही बोल्ट उघडतो. काडतूस काढताना हे बरं, पण झुडपातून जाताना मूठ अडकून बोल्ट उघडू शकतो, हे ध्यानात असू द्या.

मॅगझिन फिरत्या पद्धतीचं, चार काडतुसांचं, दस्त्याशी समतल बसणारं. ते लावून खाली ओढून बघा. अर्धवट बसलेलं मॅगझिन जंगलात गळून पडतं, ही या रायफलीबद्दलची नेहमीची तक्रार. काही उपप्रकारांना वेगळ्या धाटणीचं मॅगझिन लागतं आणि ती एकमेकांत चालत नाहीत, म्हणून जादा मॅगझिन त्याच दिवशी, त्याच रायफलीत लावून बघून घ्या.

काडतूस

ही रायफल स्कोपशिवाय जेमतेम सव्वासहा पौंडांची. दिवसभर खांद्यावर वागवायला सुख, पण .३०-०६ हे जोरकस काडतूस झाडताना खांद्याला तेच हलकेपण सोसावं लागतं. पहिल्याच रायफलीत .३०-०६ घेऊन धक्क्याला बिचकायची सवय लागली तर ती मोडायला वर्षं जातात. हरणासाठी ६.५ क्रीडमूर किंवा ७ एमएम-०८ पुरेसं आहे, आणि लहान बांध्याच्या माणसाला .२४३. एल्कचा (मोठ्या जातीच्या हरणाचा) विचार असेल तर .३०८ किंवा .३०-०६. गावातल्या साध्या दुकानात कोणती काडतुसं मिळतात, हाही एक निकषच. .३०८ बहुधा कुठेही मिळतं.

नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचं नाव दर वेळी जुळवा. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. तांब्याची वापरायची तर नेम तिच्यावरच लावावा लागतो.

घरी आणल्यावर

पहिलं काम म्हणजे नळी पुसणं. कारखान्यातलं संरक्षक तेल नळीत राहिलं तर पहिल्या गोळ्या भरकटतात. मग लगांच्या मागच्या बाजूला आणि बोल्टच्या कॉकिंग उतारावर (काडतुसावर आदळणारी पिन मागे ढकलणाऱ्या उतारावर) मुगाएवढं ग्रीस लावून, चेंबर रिकामं ठेवून, बोल्ट दोनेकशे वेळा उघड-बंद करा. खरखर बरीच उतरते. पॉलिश पेपर लगांना अजिबात लावू नका. तिथली माया बदलली तर काडतुसाची बैठक बदलते.

दस्त्याचे स्क्रू टॉर्क रेंचनेच आवळा. पुस्तिकेतला आकडा अंतिम, तो साधारण ६० ते ८० इंच-पौंडांच्या घरात असतो. आवळण्याआधी रायफल उभी धरून बुड जमिनीवर हलकं टेकवा, म्हणजे शरीर ठोकळ्यांवर नीट मागे बसतं. नेम अचानक फाकला की निम्म्या वेळा हेच स्क्रू सैल सापडतात.

दस्ता नळीला लागत असेल तर आतून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्हीकडून सारखं घासा, दोन नोटा एकत्र सरकतील एवढी फट करा. याहून पक्का उपाय म्हणजे पुढच्या पोकळीत कार्बनच्या बाणाचा तुकडा इपॉक्सीने बसवणं. या प्लास्टिकला इपॉक्सी सहज धरत नाही, म्हणून आतली भिंत आधी खरबरीत करा आणि स्पिरिटने पुसा. व्ही-ठोकळ्यांवर इपॉक्सीचा थेंबही जाता कामा नये.

चाप हलका करायचा तर दस्ता काढून चापाच्या पेटीचा स्क्रू फिरवावा लागतो. साडेतीन पौंड शिकारीला छान. त्याखाली जाण्यात शहाणपण नाही, कारण थंडीत हातमोजे घातलेले असतात. बदल केल्यावर रिकाम्या रायफलीत बोल्ट जोरात बंद करा, मग सेफ्टी काढून बुड रबरी पायपुसण्यावर चार-पाच वेळा आपटा. पिन एकदाही सुटली तर स्क्रू परत आवळा. हमखास जमेल असं वाटत नसेल तर गनस्मिथकडे द्या.

स्कोप

चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला म्हणून आपण हसतो, पण इथे मसालाच घ्यायचा असतो. रायफलीइतकेच पैसे स्कोप आणि त्याला धरणाऱ्या रिंगांवर गेले तरी ते वाया नाहीत. स्कोप बसवलेला 'कॉम्बो' संच स्वस्त दिसतो. त्यातल्या स्कोपची काच संध्याकाळी, म्हणजे हरीण बाहेर पडतं नेमक्या त्या वेळी, धुरकट होते. ३-९ बाय ४० (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, ४० मिलिमीटर भिंगाचा) पुरे. मूळ आवृत्तीच्या दस्त्याची गालाची कड खाली आहे, ५० मिलिमीटरचं भिंग आणि उंच रिंगा लावल्या तर गाल टेकतच नाही.

स्कोप बसवायची वरची पट्टी कारखान्यातून लावून येत असली तरी ती घट्ट असेल असं धरून चालू नका. काढा, स्क्रू स्पिरिटने पुसा, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्राव) लावून १५ ते २० इंच-पौंडांवर आवळा. पट्टी लावल्यावर बोल्ट अचानक जड झाला तर एखादा स्क्रू लांब पडून आत टोचतो आहे. कानशीने अर्धा वेढा कमी करा. रिंगांच्या टोप्या १५ ते १८ वर, तिरप्या क्रमाने, दोन्हीकडची फट सारखी ठेवत. डोळा आणि काचेत साडेतीन इंच अंतर हवं, नाहीतर स्कोपची कड भुवईवर खूण ठेवते.

नेम लावणं

बोल्ट काढून रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर करा. २५ यार्डांवरचं लक्ष्य नळीतून मध्यात दिसेल असं ठेवा, आणि रायफल न हलवता स्कोपचा काटा त्यावर आणा. बोल्ट घालून एक गोळी. बहुतेक स्कोपच्या नेमाच्या खुंटीचा एक टक (एक टप्पा) म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच, म्हणून २५ यार्डांवर एक इंच सरकवायला १६ टक लागतात. इथे जे लोक चारच टक फिरवतात ते अर्धा डबा उडवून बसतात. गोळी मध्याच्या अर्धा इंच खाली आली की १०० यार्डांवर जा.

तिथे तीन गोळ्या, मग नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबा. बारीक नळी तापली की चौथी-पाचवी गोळी सरकते; तो दोष मानू नका, शिकारीत थंड नळीतली पहिलीच गोळी मोजायची असते. तिन्हींचा मध्य बघून टक फिरवा, एका गोळीवरून नाही. तीन वेगवेगळ्या काडतुसांचे डबे आणून जे सगळ्यात जवळ बसवतं ते ठरवा आणि त्याच लॉटचे पाच डबे घ्या. .३०८ मध्ये १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी १०० यार्डांवर दोन इंच वर लावली तर २०० यार्डांवर नेमावर येते आणि ३०० वर आठ-नऊ इंच खाली जाते. शंभर काडतुसांपैकी साठ तरी बसून, गुडघ्यावर आणि काठीच्या आधाराने झाडण्यात घालवा. टेबलावर बसून हरीण मारता येत नाही.

मॅट रंग घाम आणि पावसापुढे टिकत नाही. रोज संध्याकाळी तेलाच्या फडक्याने बाहेरून पुसा. बर्फातून गरम खोलीत आणलेली रायफल पिशवीतच राहू द्या, नाहीतर धातूवर पाणी सुटतं. थंडीच्या दिवसांत बोल्टच्या आतलं जाड तेल काढून टाका. ते घट्ट झालं की पिन हळू मारते आणि काडतूस फुटत नाही.

२०२४ च्या सुमारास दुकानांत आलेल्या दुसऱ्या पिढीच्या रूगरमध्ये यातल्या काही तक्रारी मिटवल्या आहेत. तीन टप्प्यांची सेफ्टी, पीळदार खोबणींची नळी, सेराकोटचा लेप, बदलता येणारी गालाची कड. छापील किंमतही ७२९ डॉलरवर गेली. तेवढ्या पैशांत थोडी भर घातली की टिक्का टी३एक्स येते, जिचा बोल्ट पहिल्या दिवसापासून लोण्यासारखा चालतो. तेव्हा ज्याला स्वस्तच हवी त्याने पहिल्या पिढीची नवी किंवा कमी वापरलेली शोधावी. वापरलेली घेताना विकणाऱ्याला दस्ता काढून दाखवायला सांगा. गंज असेल तर तो नळीच्या खालच्या बाजूला, दस्त्याआड सापडतो.