बाद फेरीचा तक्ता न्याय्य कसा आखावा

फोंडा किंवा डिचोली परिसरातील एखाद्या मंडळाला एकाच रविवारी कॅरमची एकेरी स्पर्धा उरकायची असेल, तर बाद पद्धतीला सहसा पर्याय नसतो, कारण 22 खेळाडूंच्या साखळीला 231 सामने लागतात, तर बाद पद्धतीत 21 पुरतात.

मात्र सगळ्या नावांच्या चिठ्ठ्या सरसकट काढू नयेत. 16 जणांच्या तक्त्यात सर्वांत बलवान दोघे एकाच अर्ध्या भागात येण्याची शक्यता 15 पैकी 7 असते, आणि तसे झाल्यास त्यांतला एक जण अंतिम सामन्यापूर्वीच घरी जातो. म्हणून पहिल्या चौघांना मानांकन देऊन चार वेगवेगळ्या चतुर्थांशांत बसवावे आणि उरलेल्यांच्या चिठ्ठ्या सर्वांसमक्ष काढाव्यात. मानांकन मागील निकालांवरून ठरवावे. देणगीदाराचा मुलगा हा निकष नव्हे.

सर्व बाय, म्हणजे न खेळता मिळणारी पुढची चाल, पहिल्याच फेरीत द्यावेत. तक्ता 16, 32, 64 असा दुपटीनेच वाढतो, म्हणून 22 जणांसाठी 32 चा घ्यावा; 32 मधून 22 वजा केल्यास 10 जण थेट दुसऱ्या फेरीत जातात. गोव्यात 2025 साली झालेल्या बुद्धिबळ विश्वचषकात हाच हिशेब होता: खेळाडू 206, आणि 256 मधून 206 वजा जाता उरलेले 50 बाय अव्वल मानांकितांना मिळाले.

वेळ मुबलक असल्यास दुहेरी बाद पद्धत घ्यावी. तीत एक पराभव माफ असतो, पण सामने जवळपास दुप्पट होतात. अंतिम सामन्यात अपराजित खेळाडू हरल्यास निर्णायक सामना पुन्हा खेळवावा; अन्यथा एका पराभवाची सवलत फक्त त्यालाच नाकारली जाते.