पिस्तूल रिकामं करताना: आधी मॅगझिन, मग स्लाइड

चुकून गोळी सुटल्याच्या जवळजवळ प्रत्येक हकिगतीत एक वाक्य हमखास असतं: "मला वाटलं, रिकामं आहे." सेमी-ऑटोमॅटिक (प्रत्येक बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या) पिस्तुलाच्या रचनेमुळे असा गैरसमज सहज होतो. गोळ्या दोन जागी असतात, मुठीतल्या मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या पेटीत, आणि नळीच्या मागच्या टोकाला चेंबरमध्ये. मॅगझिन काढलं की हात हलका होतो, मूठ पोकळ दिसते. चेंबरमधलं काडतूस मात्र जागेवरच असतं. काही मॉडेलं मॅगझिनशिवाय फायर होत नाहीत, पण पुष्कळ होतात.

रिकामं करताना नळी सुरक्षित दिशेला हवी. रेंजवर ती दिशा एकच, टार्गेटची. तर्जनी ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतालच्या कड्याच्या) बाहेर, फ्रेमवर, म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्यावर, सरळ टेकवलेली ठेवा. नुसती बाहेर काढून हवेत वाकवलेली चालत नाही, कारण दचकल्यावर किंवा ठेच लागल्यावर मूठ आपसूक आवळते आणि ते बोटही सोबत आत जातं.

आता मॅगझिन काढून बाजूला ठेवा. मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, जोरात पूर्ण मागे ओढा. चेंबरमधलं काडतूस उडून खाली पडेल, पडू द्या. ते झेलायला स्लाइडच्या खिडकीवर तळवा धरायची सवय काहींना असते. ती वाईट. काडतूस तळव्याला अडून परत आत वळलं आणि त्याचं प्रायमर (बुडाशी असलेली, ठोका बसताच पेटणारी टोपी) इजेक्टरवर (काडतूस बाहेर फेकणाऱ्या खुंटीवर) आपटलं, तर ते हातातच फुटू शकतं. नंतर स्लाइड स्टॉप (स्लाइड अडकवायचा खटका) वर करून स्लाइड मागे अडकवा, चेंबरमध्ये आणि मॅगझिनच्या पोकळीत डोकवा. उजेड कमी असेल तर चेंबरमध्ये करंगळीचं टोक घालून चाचपा. चेंबरची कड लागली पाहिजे, काडतुसाचं सपाट बूड नाही.

हाच क्रम उलटा झाला की घात होतो. आधी स्लाइड ओढली तर एक काडतूस बाहेर पडतं आणि स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधलं दुसरं उचलून आत ढकलते. त्यानंतर मॅगझिन काढलं की माणूस निर्धास्त होतो, कारण काडतूस पडताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं! एक्स्ट्रॅक्टरचा, म्हणजे काडतूस चेंबरमधून ओढून काढणारा, आकडा तुटला असेल तर स्लाइड कितीही ओढा, काडतूस आतच राहतं. म्हणून बाहेर काय पडलं यावर भिस्त नको, आत काय आहे ते बघा.

कुणाच्या हातात देताना स्लाइड उघडीच ठेवून द्या. घेणाऱ्यानेही स्वतः बघायचं. त्यात अविश्वासाचा प्रश्न नाही.

पकड जमली की निम्मा नेम जमला. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी मुठीवर जितकी वर बसेल तितकी बसवा, स्लाइडला मात्र लागू देऊ नका. पकड जितकी खाली, तितकी फायरनंतर नळी जास्त उसळते. दुसऱ्या हाताचा तळवा मुठीच्या मोकळ्या बाजूवर चपखल बसवा. दोन्ही अंगठे एकाच बाजूला, पुढे रोखलेले. दुसरा अंगठा मागून आडवा टाकला तर मागे येणारी स्लाइड अंगठ्याची कातडी सोलते. मनगट सैल सोडू नका. स्लाइड मागे जाताना फ्रेम स्थिर लागते; तीही मागे गेली तर स्लाइडचा प्रवास अपुरा राहतो आणि रिकामी पुंगळी (वापरलेल्या काडतुसाचं कवच) खिडकीत उभी अडकते. दोष पिस्तुलाला दिला जातो, असतो मनगटाचा.

नेम धरताना नजर फोरसाइटवर, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरच्या माशीवर, ठेवा. ती स्पष्ट, टार्गेट किंचित धूसर. बॅकसाइटच्या (मागच्या माशीच्या) खाचेत ती मधोमध, दोन्हींची वरची कड एका रेषेत. ट्रिगरवर पहिल्या पेराचा मांसल भाग ठेवून तो सरळ मागे दाबत न्या. उजव्या हाताने मारणाऱ्याच्या गोळ्या खाली डावीकडे जात असतील, तर धक्क्याच्या धास्तीने तो ट्रिगर हिसकतोय आणि मनगट खाली ढकलतोय असं समजावं. उलगडा करायचा तर सोबत्याला मॅगझिनमध्ये एखादं डमी (बार न होणारं नकली) काडतूस तुमच्या नकळत मिसळायला सांगा. डमीवर नुसतं 'टक' होतं आणि नळी खाली कशी झुकते ते सगळ्यांना दिसतं, तुम्हालासुद्धा.

ट्रिगर दाबूनही बार झाला नाही, तर नळी टार्गेटकडेच धरून ३० सेकंद थांबा. बार उशिराही होऊ शकतो. त्यानंतर रिकामं करायचा वरचाच क्रम. पुंगळी चेंबरमध्ये रुतून मागून दुसरं काडतूस ठोकरलं असेल, तर स्लाइड मागे अडकवून मॅगझिन खेचून काढा, स्लाइड दोन-तीनदा ओढा, मग पुन्हा भरा.

खरी भीती दबक्या आवाजाची. नेहमीच्या धडाक्याऐवजी 'फुस्' झालं आणि धक्का जाणवला नाही, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. अशा वेळी स्लाइड ओढून पुढचा बार कधीच काढू नका, नळी फुटते. पिस्तूल रिकामं करून नळी आरपार मोकळी आहे का, ते पार्ट उघडून तपासा.

कानाला आणि डोळ्यांना संरक्षण हवंच. पिस्तुलाचा बार १५० डेसिबलच्या पुढे जातो, आणि बंदिस्त रेंजमध्ये इयरप्लगवर इयरमफ चढवलेले बरे. साफसफाईला बसताना गोळ्या त्या खोलीतच नकोत. काही पिस्तुलं उघडण्याआधी ट्रिगर दाबावा लागतो, त्यामुळे तिथे चेंबर दोनदा बघा. शेवटी हात साबणाने, गार पाण्यात धुवा. शिशाची पूड बोटांवर असते आणि ती खाण्यातून पोटात जाते.