वेल टाकीपर्यंत चढला, फुलं रोज येतात, पण दुधी एकही नाही? या चुका टाळा

पुण्याच्या आमच्या गच्चीवर पहिल्या वर्षी दुधीचा वेल असा काही माजला की बघत राहावं, पानं ताटाएवढी, फुलं रोज, पण दुधी बोटाएवढा झाला की टोकाकडून पिवळा पडून गळायचा. मी आपली दर आठवड्याला खत वाढवत गेले आणि तिथेच चुकले, कारण वेल उपाशी नव्हताच, परागीभवन होत नव्हतं.

दुधी, दोडका, कारलं, काकडी, भोपळा या सगळ्यांना नर आणि मादी फुलं वेगळी येतात. फुलामागे नुसता देठ असेल तर नर, इवलासा दुधी चिकटलेला असेल तर मादी. सुरुवातीला बहुतेक नरच येतात आणि गळून जातात, त्याला घाबरू नका. दुधी आणि दोडक्याची फुलं उमलतात संध्याकाळी, तेव्हा मधमाश्या फिरत नाहीत आणि उंच गच्चीवर रात्रीचे पतंग येतीलच असं नाही, मग ते काम आपणच करायचं. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा, मधला परागाचा गोंडा मादी फुलाच्या मधोमध अगदी हलक्या हाताने फिरवा, पूड चिकटलेली दिसली पाहिजे. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. काकडी, कारलं, भोपळा असेल तर हेच सकाळी लवकर. तीन-चार दिवसांत फळ फुगायला लागलं की जमलं समजा! मला पहिला दुधी असा धरलेला दिसला तेव्हा मी रोज दोनदा वर जाऊन बघत होते.

कुंडी लहान घेऊ नका प्लीज. वेलाला 20 लिटरची पेंटची बादली तरी हवीच, खाली भोकं पाडून, आणि त्यात एकच वेल. रोपं उपटून टाकायला जीव होत नाही हे मला कळतं, पण एका बादलीत तीन ठेवले तर तिन्ही उपाशी राहतात.

खताचं म्हणाल तर कळ्या दिसायला लागल्या की युरियासारखं नत्राचं खत थांबवा, नाहीतर नुसता पाला वाढतो.

टोमॅटो खालच्या बाजूने काळा पडतो तो बहुतेकदा रोग नसतो, फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही म्हणून तसं होतं आणि त्याचं नेहमीचं कारण म्हणजे दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर पाणी. अंड्याची टरफलं टाकून लगेच काही होत नाही, ती कुजायला महिनोन् महिने लागतात. त्यापेक्षा मातीवर दोन इंच पालापाचोळा पसरा, बोट खुपसून ओल बघा, मगच पाणी द्या. एप्रिल-मेच्या उन्हात टोमॅटोची फुलं गळणारच, तेव्हा दुपारपुरती ग्रीन नेट लावा.

भेंडी एक दिवसाआड तोडा. टोक मोडल्यावर कट् असा आवाज आला तर कोवळी. एखादी जून होऊन झाडावरच राहिली तर नवीन भेंड्या कमी धरतात. आणि पानांच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसली तर तो केवडा नावाचा रोग, ते झाड बरं होत नाही, त्याच दिवशी उपटून टाका, कारण पांढरी माशी तो रोग शेजारच्या कुंडीत नेते.