गोठ्यातला जुना फोन कॅमेरा केला पण व्हिडिओ अडकत होता, शेवटी असं जमलं

गाय विणार होती म्हणून सिम नसलेला जुना फोन गोठ्यात खुंटीला टांगला, त्याचाच हॉटस्पॉट चालू केला, वायफाय कॅमेऱ्याचं ॲप टाकलं आणि घरातल्या फोनवर ब्राउझरमध्ये बघायचं ठरवलं, इंटरनेट लागतच नाही यात. पण पेज कधी उघडायचंच नाही, उघडलं तर दोन मिनिटांत चित्र गोठायचं. ॲप बदललं, फोन रिसेट केला, राउटर आणायला निघालो होतो. दोन रात्री गेल्या, डोकं फिरलं.

घोळ घरातल्या फोनचा होता. वायफायला नेट नाही दिसलं की तो गुपचूप मोबाइल डेटावर जायचा.

आता क्रमाने सांगतो. आधी गोठ्यातल्या फोनच्या हॉटस्पॉटमध्ये बँड २.४ गिगाहर्ट्झ केला, कारण ५ वाला भिंतीपलीकडे टिकत नव्हता, आणि ॲपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन (बॅटरी वाचवायला फोन मागचं ॲप थांबवतो ते) बंद केलं. मग घरातल्या फोनचा मोबाइल डेटा आणि व्हीपीएन बंद, त्यानंतरच हॉटस्पॉटला जोडला आणि 'इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का' याला हो म्हटलं. मग ॲपमध्ये दिसतो तोच पत्ता, पोर्ट ८०८० (पत्त्याच्या शेवटी : नंतरचा आकडा) सकट, ब्राउझरमध्ये टाकला (सुरुवातीला http://च, https नाही). शेवटी रिझोल्यूशन ६४० बाय ४८०, फ्रेम सेकंदाला १०. ॲप व्हिडिओ एमजेपेग पद्धतीने पाठवतं, त्यात प्रत्येक फ्रेम म्हणजे अख्खा फोटोच जातो, १०८० रिझोल्यूशनला दम लागणारच.

फोन चार्जरला लावूनच ठेवा, वायर मात्र गाईच्या तोंडापासून लांब, आमची एक चघळून झाली.