दिव्यांगांसाठी वाहनसेवा: आधी डिझेलचे पैसे, मग गाडी

बहुतेक संस्था निधीसाठी पहिलं पत्र लिहितात ते गाडी मागायला. गाडी मिळतेही, कारण देणाऱ्याला ती सोयीची असते: खर्च एकदाच, दारावर कंपनीचं नाव, चावी देतानाचा फोटो. ड्रायव्हरच्या पगाराचा फोटो निघत नाही. मग दुसऱ्या वर्षी विम्याचा हप्ता थकतो आणि गाडी आवारात पत्र्याखाली उभी राहते. म्हणून क्रम उलटा लावा. आधी चालू खर्चाची सोय करा, तोवर करारावर भाड्याची गाडी घेऊन सेवा सुरू ठेवा आणि त्या नोंदी हातात आल्यावर गाडी मागा.

सुरुवात यादीने होते. प्रत्येकाचं नाव, यूडीआयडी (दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा) क्रमांक, दिव्यांगत्वाचा प्रकार, व्हीलचेअर घडीची आहे की अखंड, उचलून बसवावं लागतं का, सोबत कोणी येतं का, घर ते डांबरी रस्ता अंतर, जायचं कुठे आणि कोणत्या वारी. शेवटचे दोन रकाने बहुतेक जण विसरतात: सध्या एका फेरीला किती पैसे जातात आणि गेल्या महिन्यात वाहनाअभावी किती वेळा जाणं रद्द झालं. अर्जात वजन पडतं ते याच आकड्यांनी. माहिती घेताना लेखी संमतीही घ्या.

एक प्रश्न हमखास येतो: ‘एसटीत सवलत आहे, मग वेगळी गाडी कशाला?’ चाळीस टक्क्यांवरच्या दिव्यांगत्वाला एसटीच्या साध्या गाडीत ७५ टक्के सवलत आहे, ६५ टक्क्यांवर असेल तर सोबत्यालाही ५० टक्के. पण सवलत तिकिटाला असते, पायऱ्यांना नाही. यादीतल्या किती जणांना बसची पायरी चढता येत नाही आणि किती जणांचं घर थांब्यापासून एक किलोमीटरपेक्षा लांब आहे, हे अर्जाच्या पहिल्याच पानावर लिहा.

मग एका फेरीचा खर्च काढा. समजा गाडी रोज ६० किलोमीटर, महिन्याला २२ दिवस चालते. १,३२० किलोमीटर झाले. लिटरला १० चा ॲव्हरेज आणि ९१ रुपये दर धरला तर डिझेल साधारण १२,००० रुपये. ड्रायव्हर १८,०००, मदतनीस १२,०००. विमा, पासिंग, पीयूसी, टायर, सर्व्हिसिंग यांसाठी दरमहा ८,००० बाजूला. एकूण ५०,००० रुपये महिना, सहा लाख वर्ष. चौदा जण रोज जाऊन-येऊन धरले तर ६१६ फेऱ्या, म्हणजे फेरीला ८१ रुपये. तुमच्या गावचे आकडे घाला, पण मांडणी हीच ठेवा. रिक्षाला दीडशे जातात हे त्याच ओळीत दिसलं की वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मदतनीसाचा पगार मात्र कापू नका. ड्रायव्हर एकटा असेल तर एकाला उचलून आत नेताना बाकीचे गाडीत एकटे राहतात.

हे सहा लाख येणार कुठून? सर्वात दुर्लक्षित जागा म्हणजे तुमची ग्रामपंचायत किंवा नगरपालिका. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. स्वनिधी १२ लाखांचा असेल तर हे ६०,००० रुपये झाले. एका गावातून सेवा चालणार नाही, दहा गावं एकत्र आली तर वर्ष निघतं. अडचण अशी की हा पैसा बऱ्याच ठिकाणी मार्चअखेरीस सर्वांना थोडा थोडा वाटून संपवला जातो. हातात येणारी रक्कम सोडून सामायिक गाडीला हो म्हणा, असं कोणाला वरून सांगता येत नाही. आधी गावातल्या दिव्यांगांची बैठक घ्या, त्यांच्या सह्यांचं पत्र करा आणि १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडा. अंदाजपत्रकाची तयारी डिसेंबरात होते. फेब्रुवारीत गेलात तर ग्रामपंचायत अधिकारी चहा पाजतील, तरतूद करू शकणार नाहीत. ठरावात रक्कम, कालावधी आणि मार्ग लिहिलेला हवा. ‘सहकार्य करण्याचे ठरले’ अशा ठरावावर बिल निघत नाही.

शाळेत जाणारी मुलं असतील तर समग्र शिक्षा अभियानात प्रवास आणि मदतनीस भत्त्याची सोय आहे. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या (शिक्षण विभागाचं कार्यालय) समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांना भेटा. विशेष शाळा किंवा पुनर्वसन केंद्र चालवणाऱ्या संस्थांनी केंद्राची दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजना पाहावी. तिचे अर्ज ई-अनुदान पोर्टलवर जातात आणि त्याआधी एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलवर संस्थेची नोंदणी लागते. एकाच खर्चाचं बिल दोन ठिकाणी लावू नका. ऑडिटमध्ये ते सापडतं आणि दोन्हीकडची दारं बंद होतात.

आता गाडी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी नक्त मालमत्ता, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यांपैकी एकही निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्चावे लागतात. मोठ्या नावांच्या मागे सगळेच असतात. जवळच्या एमआयडीसीतला पाच-सात कोटी नफ्याचा कारखाना शोधा. त्याला दरवर्षी दहा-बारा लाख खर्चायचेच असतात. १२ए आणि ८०जी (आयकर खात्याच्या नोंदण्या) आणि सीएसआर-१ चा क्रमांक (सीएसआर निधी घेण्यासाठीची नोंदणी) नसेल तर पुढे बोलणंच होत नाही. तीन वर्षांचे ऑडिट आणि धर्मादाय कार्यालयाचा परिशिष्ट एकचा उतारा (संस्थेची आणि विश्वस्तांची नोंद) जोडा. इथे नेहमी अडतं ते विश्वस्त बदलल्याची नोंद करायच्या बदल अर्जापाशी: उतारा दाखवतो वारलेल्या विश्वस्ताचं नाव, ठरावावर सही नव्याची.

गाडीचं कोटेशन मागवण्याआधी टेप घेऊन मोजमाप करा. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण १३०–१३५ सेंटिमीटरवर येतं, म्हणून दाराची उंची त्याहून जास्त हवी. खुर्ची चार पट्ट्यांनी फरशीला बांधली जाते आणि माणसाला वेगळा तीन बिंदूंचा पट्टा लागतो. एकाच पट्ट्यात दोन्ही बांधणं धोक्याचं. रॅम्प किंवा लिफ्ट बसवणं हा वाहनातला बदल ठरतो. त्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद हवी. लाभार्थ्यांकडून दहा रुपये जरी घेणार असाल, तरी पांढऱ्या पाटीची गाडी चालत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

परदेशातल्या मराठी मंडळींकडून देणगी येणार असेल तर आधी पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी मानले जात नाहीत. नागरिकत्व बदललेल्याचे, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असलं तरी, मानले जातात आणि एफसीआरए या विदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय ते घेता येत नाहीत.

सेवा सुरू झाली की लॉगबुकात नाकारलेल्या फेऱ्याही लिहा: कोणी फोन केला, का जमलं नाही. केलेल्या फेऱ्यांवरून निधी वापराचं प्रमाणपत्र तयार होतं; न केलेल्यांवरून दुसऱ्या गाडीचा अर्ज.