जुन्या पुस्तकाला नकाशावर जागा कशी द्यायची

आपल्याकडे जुनी पुस्तकं, फोटो स्कॅन करायचं काम बरेच जण करून राहिले, मनापासून करतात, पण कॅटलॉगमधे जागेच्या रकान्यात नुसतं नाव टाइप करून मोकळे होतात. आता बघा, नागपूरचा एकच भाग, पण कोणी सीताबर्डी लिहितं, कोणी सीताबुल्डी आणि बोलताना तर आपण सगळे बर्डीच म्हणतो न, कॉम्प्युटरसाठी या तीन वेगळ्या जागा झाल्या.

म्हणून जिओनेम्स (जगभरच्या जागांची ऑनलाइन यादी) नाहीतर विकिडेटावर (विकिपीडियाच्या जोडीचा माहितीसाठा) ती जागा शोधा आणि तिची लिंक रेकॉर्डला जोडा. ओमेका एस, म्हणजे असे संग्रह ऑनलाइन मांडायचं सॉफ्टवेअर असेल तर डब्लिन कोअर या रकान्यांच्या ठरलेल्या संचातलं स्पेशियल कव्हरेज हे फील्ड त्यासाठीच आहे. पुस्तकावर छापलेलं नाव मात्र पुसू नका, लेबल म्हणून जसंच्या तसं ठेवा. आणि रामटेकवरचं पुस्तक पुण्यात छापलं असेल तर स्पेशियल कव्हरेजमधे रामटेकच येईल, पुणे प्रकाशनस्थळात.

आता अक्षांश-रेखांश, इथे खरी गडबड होते. जुन्या नकाशावर नागपूर २१ अंश ९ मिनिटं दिसलं की लोक २१.०९ टाकतात, पण ९ भागिले ६० म्हणजे ०.१५, तर २१.१५ पाहिजे, नाहीतर नकाशावरची पिन साडेसहा किलोमीटर दक्षिणेला सरकते. जिओजेसनमधे, म्हणजे नकाशाची माहिती लिहायच्या फाइल-पद्धतीत, रेखांश आधी लिहायचा, ७९.०८ आणि मग २१.१५, उलटं झालं तर आपलं नागपूर पार उत्तर ध्रुवाकडे, नॉर्वेच्या स्वालबार्डजवळ जाऊन पडतं. आकडे इंग्रजीतच टाका, देवनागरी आकडे सिस्टीमला संख्या म्हणून चालत नाहीत.

वऱ्हाड, मध्यप्रांत असल्या मोठ्या भागाला एक पिन लावू नका, तिथे प्रदेशच जोडायचा. आणि पुस्तकाचं साल बघा. १९५० च्या पुस्तकातल्या भंडारा जिल्ह्यात गोंदिया पण आहे, तो १९९९ मधे वेगळा झाला. नुसता आजचा भंडारा जोडला तर गोंदियाचा पोरगा आपल्या गावाचा इतिहास शोधायला बसेल आणि त्याला ते पुस्तक दिसणारच नाही, म्हणून दोन्ही जोडा. चांद्याचं पण तसंच, चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर, आणि गडचिरोली १९८२ पर्यंत त्याच जिल्ह्यात होतं.

ओमेका एसमधे पिन लावायला मॅपिंग मॉड्यूल (नकाशाची जोड-सोय) टाका. दहा-बारा रेकॉर्ड झाले की नकाशा उघडून एकेक पिन डोळ्यांनी बघा, नागपूरच्या महाल भागातला वाडा अंबाझरी तलावात पडला असेल तर ती चूक तिथेच सापडते.