‘एसओपी पाळल्याचं एक उदाहरण सांगा’: मुलाखतीत या चुका टाळा

औषध कंपनीत प्रॉडक्शन, पॅकिंग किंवा क्वालिटीच्या जागेसाठी मुलाखत असेल, तर एसओपी, म्हणजे कामाची लेखी ठरवून दिलेली पद्धत, पाळल्याचं उदाहरण विचारणारा हा प्रश्न हमखास येतो. काही वर्षं मी टेबलाच्या पलीकडे बसून तो विचारतो आहे. बीएस्सी, डीफार्म झालेली, हाताला चांगली असलेली मुलं नेमकी इथे अडकतात. वाईट वाटतं, कारण सांगण्यासारखं त्यांच्याकडे असतं, पण घरून जुळवून आणलेलं नसतं.

सर्वाधिक ऐकू येणारं उत्तर म्हणजे, “सर, मी नेहमी एसओपीप्रमाणेच काम करतो.” यात प्रसंगच नाही. “रोज सकाळी बॅलन्स तपासायचो” हेही तितकंच कोरडं. त्याच बॅलन्सने, म्हणजे वजनकाट्याने, एके दिवशी प्रमाणित वजनाचं रीडिंग मर्यादेबाहेर दाखवलं, तेव्हा काय केलंत? ‘वापरू नये’ असं लेबल लावलंत, वरिष्ठांना कळवलंत, लॉगबुकात नोंद केलीत? तिथून ऐकणारा सावरून बसतो.

म्हणून असा प्रसंग शोधा जिथे एसओपी पाळणं अवघड होतं. समजा, रात्रपाळी आहे, गाडी गेटवर उभी आहे, आणि लाइन क्लिअरन्सच्या वेळी (नवी बॅच सुरू करण्याआधी आधीचं काही लाइनवर राहिलं नाही ना, ही तपासणी) कन्व्हेअरखाली आधीच्या बॅचची एक स्ट्रिप सापडते. शेजारचा म्हणतो, “टाक डब्यात, सुरू कर.” तुम्ही लाइन थांबवता, क्यूएला (गुणवत्ता हमी विभागाला) बोलावता, क्लिअरन्स पुन्हा होतो, घटना बीएमआरमध्ये (त्या बॅचच्या उत्पादन नोंदींच्या कागदपत्रात) लिहिली जाते, पाऊण तास जातो. असं काही तुमच्या बाबतीत घडलं असेल तर तेच सांगा, आणि पुढचा प्रश्न गृहीत धरा: “एका स्ट्रिपने काय बिघडलं असतं?” रक्तदाबाच्या गोळीच्या खोक्यात मधुमेहाची गोळी गेली असती. पायरी का आहे हे ज्याला सांगता येतं, त्याने ती मनापासून पाळली असणार, असं मी धरतो. घडलं नसेल तर रचू नका. दोन उलटप्रश्नांत ते उघडं पडतं.

काही जण शॉर्टकटच अभिमानाने सांगतात. “ऑडिटच्या आदल्या रात्री बसून, राहिलेल्या सगळ्या नोंदी भरल्या, सर.” मुलाखत तिथेच संपते. नोंद काम करतानाच व्हायला हवी. २८ डिसेंबर २०२३च्या अधिसूचनेने सुधारलेल्या शेड्यूल एममध्येही (औषध उत्पादनाच्या चांगल्या पद्धतींच्या सरकारी नियमांत) तेच आहे. चुकलेला आकडा वाचता येईल अशी एक रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा, सही आणि तारीख. व्हाइटनर नाही, गिरवणं नाही.

“माझ्याकडून कधी चूक झालीच नाही” यावर कुणाचा विश्वास बसत नाही. चूक लक्षात येताच स्वतःहून कळवली आणि डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीपासून झालेला फरक) नोंदवलं, हे एसओपी पाळल्याचंच उदाहरण आहे, आणि माझ्या मते सर्वांत दमदार.

“आम्ही केलं, आम्ही थांबवलं” असं बोलू नका. तुमच्या हाताने काय झालं ते सांगा. जुन्या कंपनीच्या उत्पादनाचं नाव किंवा बॅच नंबर मात्र उच्चारू नका. ‘एक गोळी’ पुरेसं आहे.

फ्रेशर असाल तर कॉलेजची प्रयोगशाळा आठवा. ब्युरेट (द्रावण मोजून सोडायची काचेची नळी) पाण्याने धुऊन मग तिच्यात भरायच्या द्रावणानेच का विसळायची? आत पाणी राहिलं तर द्रावण पातळ होतं आणि रीडिंग जास्त येतं. रीडिंग जुळत नव्हती, मित्र म्हणाला जुळवून लिही, तुम्ही टायट्रेशन पुन्हा केलंत: एवढं खरं असेल तर बिनधास्त सांगा.

तयारी करताना प्रसंग मोठ्याने बोलून बघा, दीड मिनिटात बसायला हवा. एसओपीचा नंबर आठवला नाही तर ठोकून देऊ नका. “नंबर आठवत नाही, लाइन क्लिअरन्सची होती” एवढं चालतं.